‘अंसल’ मांस आणि शूल्यपाक : एका प्रसिद्ध अर्थाचें परीक्षण

शतपथब्राह्मणाच्या तिसऱ्या कांडांत (३.१.२.२१) सोमयागाच्या दीक्षेचा प्रसंग चालू असतां एक लहानसें वाक्य आलें आहे. यजमानास शालेंत नेल्यावर त्यानें धेनूचें व अनडुहाचें मांस खाऊं नये असा तेथें निषेध आहे. त्याचें कारणहि दिलें आहे. धेनु व अनडुह हीं ह्या सर्वांचें भरण करितात. देवांनीं इतर प्राण्यांतील वीर्य घेऊन ह्या दोघांच्या ठायीं ठेविलें. म्हणून त्यांचें मांस खाणें हें सर्वच खाऊन टाकण्यासारखें होय, व तसें करणाराच्या वांट्यास दुष्कीर्ति येते. इतकें सांगून झाल्यावर ब्राह्मणकार याज्ञवल्क्याचें निराळें मत नोंदवितो. आपण तर तें खातों, मात्र तें ‘अंसल’ असेल तर, असें याज्ञवल्क्य म्हणाला. एवढेंच. ह्या मताचें मंडन नाहीं, खंडनहि नाहीं.

हें वाक्य वादांत फार वापरलें गेलें आहे. प्राचीन काळीं गोमांस खात असत असें ज्यांस दाखवावयाचें असतें ते शेवटचा तुकडा उचलतात; खात नसत असें ज्यांस दाखवावयाचें असतें ते आरंभींचा निषेध घेऊन शेवट गाळतात. निषेध व मतभेद हे दोन्ही एकाच कंडिकेंत शेजारीं शेजारीं आहेत, आणि निषेध हें ग्रंथकाराचें मत व अपवाद हें एका आचार्याचें मत आहे, ही साधी गोष्ट दोहों पक्षांच्या लेखांत क्वचितच स्पष्ट केलेली आढळते. तो वाद आमचा विषय नव्हे. आम्हांस येथें ‘अंसल’ ह्या तीन अक्षरांचा विचार करावयाचा आहे. याज्ञवल्क्यानें घातलेली अट कोणती होती हें ठरल्यावांचून त्याचें मत काय होतें हेंहि ठरत नाहीं, आणि ज्यांनीं तें मत वापरलें त्यांतील बहुतेकांनीं अट न तपासतां वापरलें आहे.

प्रचारांत तीन अर्थ आहेत. पहिला युलियस एग्गेलिंग यांचा. त्यांच्या शतपथाच्या भाषांतराचा दुसरा भाग १८८५ सालीं ‘पौर्वात्य पवित्र ग्रंथमाले’ंत सव्विसावा म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांत ‘अंसल’ म्हणजे कोंवळें, मऊ, दांतांस सोपें असें मांस, असा अर्थ दिला आहे. दुसरा अर्थ ‘खांद्याचें मांस’ असा. तो ‘अंस’ म्हणजे खांदा ह्या व्युत्पत्तीवरून निघाला आहे व ऐकणाऱ्यास लगेच पटतो. तिसरा अर्थ असा कीं, त्या मांसानें शरीर बळकट होत असेल तर.

तिसऱ्याचा निकाल लवकर लागतो. वाक्यांत ‘शरीर’ हा शब्द नाहीं. ‘अंसल’ हें पद नपुंसकलिंगीं आहे. बोलणारा याज्ञवल्क्य पुल्लिंगी. तेव्हां ‘मी अंसल होत असेन तर’ असा अन्वय लागत नाहीं, आणि अध्याहृत घ्यावयाचें नपुंसकलिंगी नाम जवळच आहे, तें मांस. शरीर हें नाम बाहेरून आणून बसवावयाचें असेल तर वाटेल तें बसवितां येईल. हा अर्थ ज्यांनीं काढला त्यांचा हेतु आम्हांस समजतो, पण हेतूनें विभक्ति बदलत नाहीं.

आतां कोशकारांकडे वळूं. बोथलिंक व रोट यांचा सेंट पीटर्सबर्गचा कोश आणि १८९९ चा मोनियर विल्यम्स यांचा कोश हे दोन्ही ‘अंसल’ म्हणजे बळकट, धष्टपुष्ट असें सांगतात, आणि मोनियर विल्यम्स त्यास शतपथाचाच आधार देतात. म्हणजे एकाच स्थळाबद्दल कोशकार एक सांगतात व भाषांतरकार जवळजवळ उलट सांगतो. एग्गेलिंग यांच्यापुढें पीटर्सबर्गचा कोश होता. तरी त्यांनीं ‘बळकट’ हें विशेषण मांसास लावण्याचें टाळलें, कारण बळकट मांस म्हणजे चिवट मांस असें मनांत येतें, आणि चिवट असेल तरच खाईन असें कोणी म्हणेल हें त्यांस संभवनीय वाटलें नसावें. म्हणून त्यांनीं प्रसंगास शोभेल असा अर्थ घातला. प्रसंगावरून अर्थ लावणें गैर नाहीं. पण तो अर्थ शब्दांत मुळींच नसला तर तें भाषांतर न राहतां अनुमान होतें, आणि अनुमान अनुमान म्हणून सांगितलें पाहिजे. पुढील लेखकांनीं तें मूळ शब्दाचाच अर्थ समजून उद्धृत केलें, हा दोष मात्र त्यांचा नव्हे.

व्याकरणाचा पुरावा कोशांपेक्षां जुना आहे. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत (५.२.९८) ‘वत्स’ व ‘अंस’ ह्या दोन शब्दांस एक विशेष प्रत्यय सांगितला आहे, व अर्थहि नेमून दिले आहेत: ‘वत्सल’ हा प्रेमाच्या अर्थीं, ‘अंसल’ हा बळाच्या अर्थीं. काशिकाकारांचें प्रत्युदाहरण येथें मोठें मार्मिक आहे. ज्यास खांदे आहेत पण बळ नाहीं, त्यास ‘अंसवान्’ म्हणावें, ‘अंसल’ म्हणतां येणार नाहीं. म्हणजे व्युत्पत्तींत खांदा असला तरी शब्दाच्या अर्थांत खांदा उरला नव्हता, जसें ‘वत्सल’ म्हणतांना वासरूं डोळ्यांपुढें येत नाहीं. अमरसिंहानेंहि मनुष्यवर्गांत ‘मांसल’ व ‘अंसल’ हे शब्द एकमेकांशेजारीं बलवानाच्या पर्यायांत घातले आहेत. कालिदासानें रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत तरुण रघूस हें विशेषण लाविलें आहे, आणि तेथें कोंवळेपणा कोणाच्या मनांत येणार नाहीं. ‘कोंवळें’ ह्या अर्थास आधार म्हणून एकहि स्थळ आमच्या पाहण्यांत आलें नाहीं.

‘खांद्याचें मांस’ हा अर्थ पाणिनीच्या नियमानें दुर्बळ होतो; पण जे म्हणतील कीं ब्राह्मणग्रंथांची भाषा पाणिनीपूर्वींची आहे, त्यांच्यासाठीं ब्राह्मणांतीलच पुरावा देतों. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेच्या आरंभीं यज्ञपशूचे छत्तीस भाग कोणकोणास द्यावयाचे ह्याची यादी आहे. मार्टिन हौग यांनीं १८६३ सालीं मुंबईस छापविलेल्या आवृत्तींत ती सहज पाहतां येते. हौग हे त्या काळीं पुण्याच्या कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक होते, व यज्ञकर्माची माहिती त्यांनीं येथील याज्ञिकांकडूनच मिळविली होती. ती यादी एखाद्या खाटकाच्या ठोकळ्यावरून उतरून घेतल्यासारखी नेमकी आहे. जिभेसह जबडे कोणाचे, गरुडाकृति छाती कोणाची, कंठ व टाळू कोणाचे, हें एकेक सांगितलें आहे. त्यांत अध्वर्यूस उजवी कूस खांद्यासह मिळते, व डावा खांदा प्रतिप्रस्थात्याकडे जातो. दोन्ही ठिकाणीं शब्द ‘अंस’ हाच आहे. खांदा सांगावयाचा असतां याज्ञिकाच्या तोंडीं कोणता शब्द येई हें ह्यावरून उघड होतें. शतपथाच्याच तिसऱ्या कांडांत पुढें (३.८.३) पशूच्या अवदानांचा क्रम आहे: हृदय, जिव्हा, छाती, डावा पुढचा पाय, कुशी, यकृत् इत्यादि. तेथेंहि पुढच्या फऱ्यास निराळा शब्द आहे, ‘अंसल’ नाहीं. याज्ञवल्क्य हा यजुर्वेदी, म्हणजे अध्वर्यूंच्या परंपरेंतला, व अध्वर्यूचा वांटा खांद्यासह कूस. हा योगायोग पाहून ‘खांद्याचें’ ह्या अर्थाचा मोह आम्हांसहि पडला होता. पण ज्या परंपरेंत अवयवांचीं नांवें इतकीं ठरलेलीं, तींत एका अवयवासाठीं संदिग्ध विशेषण वापरलें जाईल हें संभवत नाहीं.

येथपर्यंत शब्दाचें झालें. आतां पदार्थाचें. पाकशास्त्रावरील व यज्ञावरील ग्रंथांचे अर्थ लावतांना आपल्याकडील व युरोपांतील बहुतेक पंडित कोश उघडतात, चूल उघडत नाहींत. आणि येथें तर सर्व घोटाळा चुलीपाशींच आहे.

मांस चिवट कां होतें? जो स्नायु सदा काम करतो त्यांत तंतु जाड होतात व त्यांना बांधणारें संयोजक द्रव्य, ज्यास हल्लींचे शास्त्रज्ञ कोलॅजन म्हणतात, तें वाढतें; जनावराचें वय वाढतें तसतसे त्याचे दुवे पक्के होतात. खांदा, मान, छाती, पाय हे काम करणारे भाग; पाठीच्या कण्यालगतचा आंतला स्नायु फारसें काम करीत नाहीं, म्हणून तो मऊ. पण ज्या भागानें काम केलें त्यासच रुचि अधिक. हें जगांतील प्रत्येक खाटकास ठाऊक आहे, व चरकासहि ठाऊक होतें. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत अवयवांची गुरुता सांगतांना चरक मांडीच्या मांसाहून खांद्याचें जड, त्याहून छातीचें, त्याहून डोक्याचें, असा क्रम लावतो. तेव्हां ‘अंसल’ म्हणजे खांद्याचें आणि म्हणून कोंवळें, असें जे दोन्ही अर्थ जोडून सांगतात त्यांनीं दोन परस्परविरोधी गोष्टी एका पात्रांत शिजविल्या आहेत. हिंदुस्थानांतील वशिंडाच्या बैलाचा खांद्यालगतचा भाग किती वेळ घेतो हें ब्राझील देशांत पाहावें. आपल्याकडील ओंगोल, गीर व कांकरेज जातींचीं गुरें तिकडे गेलीं व त्यांचा मोठा वंश तेथें झाला. त्यांच्या वशिंडास तेथें ‘कुपिम’ म्हणतात, व तें सळईवर घालून निखाऱ्यांपासून दूर तासच्या तास भाजतात. घाई केली तर तें चावत नाहीं.

मग ‘अंसल’ म्हणजे काय? निषेध कोणाविषयीं आहे तें पुन्हां पाहावें. ‘धेनु’ म्हणजे कोणतीहि गाय नव्हे, दूध पाजणारी गाय. ‘अनडुह्’ म्हणजे कोणताहि बैल नव्हे. ‘अनस्’ म्हणजे गाडा, तो वाहणारा. दोन्ही नांवें कामावरून पडलेलीं. एकीच्या अंगचें दुधांत गेलें, दुसऱ्याचें जुंवाखालीं. अशा जनावराचें मांस बहुधा शुष्क, तंतुमय व मेदरहित असणार. ह्या दोघांविषयींच बोलतांना ‘तें अंसल असेल तर’ अशी अट कोणी घातली तर तिचा सरळ अर्थ एकच होतो: जनावर भरलेलें, मांसल, अंगानें पुष्ट असेल तर; राबून झिजलेलें असेल तर नव्हे. बळ ह्या अर्थापासून हा अर्थ दूर नाहीं, कारण अमरानें ‘मांसल’ शेजारींच ठेविला आहे. आणि ‘कोंवळें’ ह्याप्रमाणें तो उलट दिशेसहि जात नाहीं. पुष्ट जनावराचें मांस कोंवळ्या वासराच्या मांसासारखें मऊ नसतें, पण त्यांतील मेद विस्तवावर वितळून तंतूंना ओलें ठेवतो. एग्गेलिंग यांस जें अशक्य वाटलें, कीं बळकट मांस कोणी मुद्दाम मागेल, तें स्वयंपाक्यास मुळींच अशक्य वाटत नाहीं.

ह्यास बाहेरचें एक साम्य दाखवितों, पुरावा म्हणून नव्हे. होमराच्या इलियडच्या दुसऱ्या सर्गांत अ‍ॅगॅमेम्नॉन झ्यूस देवास जो बैल देतो तो पांच वर्षांचा आहे, आणि त्याचें वर्णन ‘पुष्ट, मेदस्वी’ असें आहे; कोंवळा म्हणून त्याची स्तुति नाहीं. मांड्यांचीं हाडें मेदांत गुंडाळून देवास दिल्यावर उरलेलें मांस बारीक कापून शूलांवर ओंवून काळजीपूर्वक भाजतात. पांच वर्षांचा बैल शूलावर खाण्याजोगा करण्याचा उपाय त्या ‘बारीक कापून’ ह्या शब्दांत आहे.

आपल्याकडे यज्ञांत काय करीत? येथें आमच्या मतें फार मोलाची गोष्ट हातीं लागते. पशूचें हृदय तेवढें शूलावर भाजीत. बाकीचीं अवदानें उखेंत, म्हणजे मडक्यांत, शिजवीत. वपा दोन काष्ठांवर निराळी भाजीत. शतपथांत ‘हृदयशूल’ हें उपकरण इतकें महत्त्वाचें आहे कीं कर्म संपल्यावर त्याची वासलात कशी लावावी ह्याचा स्वतंत्र विधि आहे. याज्ञिक ह्याची उपपत्ति त्यांच्या पद्धतीनें देतात. स्वयंपाकाची उपपत्ति तिच्याशीं विरोध करीत नाहीं: हृदय हा अखंड काम करणारा स्नायु असून त्याचे तंतु बारीक व दाट असतात, जाड शिरांचें जाळें काढून टाकलें कीं उरलेलें थोडक्या आंचेवर भाजून खातां येतें. पेरू देशांत बैलाचें हृदय सिरक्यांत व तिखटांत मुरवून सळईवर भाजण्याची चाल आजहि आहे. तेथें त्यास ‘अँतिकुचो’ म्हणतात. पण पाय, कूस, छाती ह्यांस पाणी व वेळ हींच औषधें. म्हणजे शूल व उखा ही विभागणी केवळ विधीची नव्हती, तींत मांसाची पारख होती.

आणि ही जोडी पाणिनीच्या सूत्रांत जशीच्या तशी उतरली आहे. संस्कार केलेलें भक्ष्य कशानें सिद्ध झालें ह्यावरून नांव कसें पडतें हें सांगतांना तो चवथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत (४.२.१७) शूलावरून ‘शूल्य’ व उखेवरून ‘उख्य’ हे शब्द एकाच सूत्रांत सिद्ध करतो, आणि लगेच पुढच्या सूत्रांत दह्यावरून ‘दाधिक’ देतो, त्यापुढें ताकावरून, मग दुधावरून. सळई, मडकें, दहीं, ताक, दूध हा क्रम व्याकरणाच्या सोयीनें लागला असेल. तरी त्या काळच्या पाकगृहांत काय काय असे ह्याची ती चार ओळींची यादीच आहे. अमरानें वैश्यवर्गांत ‘शूलाकृत’, ‘भटित्र’, ‘शूल्य’ हे पर्याय एकत्र देऊन लगेच ‘उख्य’ व ‘पैठर’ दिले आहेत. म्हणजे हजारांहून अधिक वर्षें भाजलेलें व शिजविलेलें हा भेद कोशांतहि टिकला. गृह्यसूत्रांतील ‘शूलगव’ ह्या कर्माचें नांव शूलावर भाजण्यावरून कीं शूलधारी रुद्रावरून, ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. बौधायन तेथें बैल न मिळाल्यास मेंढा किंवा बकरा, किंवा नुसता स्थालीपाक चालेल असें म्हणतो, इतकें नमूद करून ठेवतों.

मुरवण्याची विद्या मात्र यज्ञग्रंथांत शोधूं नये. ती वैद्यकांत आहे. सुश्रुताच्या सूत्रस्थानाचा शेहेचाळिसावा अध्याय ह्या दृष्टीनें पाकशास्त्राच्या कोणत्याहि पुस्तकापेक्षां अधिक नेमका आहे. स्नेह, गोरस, धान्याम्ल म्हणजे कांजी, फलाम्ल म्हणजे आंबट फळांचा रस, आणि तिखट द्रव्यें ह्यांसह सिद्ध केलेलें मांस हितकर, बल्य व रुचिकर पण गुरु, असें तो सांगतो. पुढें परिशुष्क, तेंच कुटून बारीक केलें म्हणजे ‘उल्लुप्त’, व तें विस्तवावर पिकविलें तर हलकें, तेंच शूलावर ओंवून निखाऱ्यावर भाजलें म्हणजे ‘प्रदिग्ध’, व तें अधिक जड. येथें सुश्रुताची पारख पाहावी. चिवट मांसावर दोन उपाय, आम्ल व कुटणें. आणि न कुटतां शूलावर भाजलें तर तें पचनास जड होणार, हा इशारा. हल्लींच्या प्रयोगशाळांतून निघालेला निष्कर्ष ह्याहून फार निराळा नाहीं. आम्लानें संयोजक द्रव्य फुगतें व दुबळें होतें, पण आम्ल रात्रभरांत पृष्ठभागापासून थोडे मिलिमीटरच आंत जातें; मीठ त्याहून खोल जातें. साधारण साठ अंशांपुढें तंतु आकसून रस पिळून बाहेर टाकतात, आणि कोलॅजन वितळावयास त्याहून अधिक उष्णता व फार वेळ लागतो. म्हणून जाड तुकडा दह्यांत दोन दिवस ठेवून जोराच्या आंचेवर धरला तर बाहेरून पिठासारखा व आंतून चामड्यासारखा होतो. पातळ कापावा, मुरवावा, झटपट भाजावा, आणि खातांना तंतूंच्या आडवा चिरावा. नाहींतर मंद आंचेवर तासन्‌तास ठेवावा. मधला मार्ग नाहीं.

गोमांसाविषयीं वैद्यांचें मत एकांगी नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे, कारण त्याचाहि अर्धा भाग नेहमीं गाळला जातो. चरक सत्ताविसाव्या अध्यायांत तें वातविकार, जुनाट पडसें, विषमज्वर, कोरडा खोकला, श्रम व मांसक्षय ह्यांवर हितकर म्हणतो. पंचविसाव्या अध्यायांत पशुमांसांत तें सर्वांत अहितकर म्हणून गणतो. आणि चिकित्सास्थानांत अतिसाराची उत्पत्ति पृषध्राच्या यज्ञांतील गोमांसाच्या गुरुत्वामुळें, उष्णतेमुळें व असात्म्यामुळें झाली अशी कथा देतो. औषध म्हणून उपयुक्त, आहार म्हणून जड: ही वैद्याची भूमिका आहे, व ती सुसंगत आहे.

नंतरच्या काळांत शूल राहिला, बैल गेला. ह्याचें उत्तम स्थळ म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांचें घराणें. सहावा विक्रमादित्य ह्याच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली. श्रोत्रिय अतिथीस मोठा बैल किंवा मोठा बकरा उपकल्पित करावा ह्या याज्ञवल्क्यस्मृतीच्या वचनावर तो म्हणतो कीं, तो अतिथीच्या संतोषासाठीं ‘हा आपलाच’ असें म्हणून दाखवावयाचा, द्यावयाचा नाहीं व मारावयाचाहि नाहीं. लोकांस जें द्वेष्य झालें तें करूं नये. बैल मोठा पाहिजे ही अट मात्र स्मृतिकाराची, आणि ती पुष्टतेचीच अट आहे, कोंवळेपणाची नव्हे. ‘अंसल’च्या आमच्या अर्थास ती पोषक आहे असें आम्ही समजतों. त्याच विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याच्या मानसोल्लासांत शके १०५१ चा उल्लेख आहे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचे पहिले दोन भाग १९२५ व १९३९ सालीं प्रसिद्ध केले. तिसरा १९६१ सालीं निघाला. दुसऱ्या भागांतील अन्नभोग हें प्रकरण संग्राहकांनीं अवश्य वाचावें. डुकराचे केस काढण्यापासून त्याचें सबंध भाजणें, यकृताचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजून दह्यांत किंवा मोहरीच्या पाण्यांत टाकणें, आंतड्यांत भरून भाजणें, असे प्रकार राजाच्या रसिकतेनें सांगितले आहेत. ‘भडित्रक’ म्हणून जो प्रकार आहे त्यांत तुकड्यांस छिद्रें पाडून मसाला भरून शूलावर भाजावयाचें आहे. आम्ल व मसाला आपोआप आंत जात नाहीं हें त्या बल्लवांनीं ओळखलें होतें. छिद्रें शोभेसाठीं नव्हतीं. संपादकांनीं पाठ काळजीनें दिला आहे, पण ह्या प्रकरणांतील देशी शब्दांवर टीप फार थोडी आहे, व वाचकास पदोपदीं अडखळावें लागतें. दुसऱ्या कोणीतरी केवळ ह्या प्रकरणाची सटीप आवृत्ति काढणें अवश्य आहे.

एक उपशब्द सुचवून ठेवतों. अमराचें ‘भटित्र’ मानसोल्लासांत ‘भडित्रक’ झालें आहे. गुजरातींत भाजून कुसकरलेल्या वांग्यास ‘भडथुं’ म्हणतात. आपलें ‘भरीत’ हें ‘भरणें’ ह्या धातूपासून आलें असें सामान्यतः समजतात. पण भरितांत भरावयाचें कांहीं नसून वांगें विस्तवावर भाजावयाचें असतें. ‘भटित्र’ पासून ‘भडित्त’ व ‘भरीत’ ही परंपरा आम्हांस अधिक संभवनीय वाटते. सिद्ध झाली असें म्हणत नाहीं. ‘शूल’ शब्दाचें मात्र मराठींत दुर्दैव झालें: ‘सूळ’ आपल्याकडे गुन्हेगारापुरता उरला. राजस्थानांत तो स्वयंपाकघरांत टिकला आहे. तेथें ‘सूले’ म्हणजे सळईवर भाजलेलें मांस, आणि तें मऊ करण्यासाठीं काचरी नांवाचें लहान रानटी फळ वाटून लावतात.

काचरीवरून पोथ्यांच्या कालनिर्णयाची गोष्ट निघते, आणि ती ह्या त्रैमासिकाच्या वाचकांच्या कामाची आहे. आपल्याकडे जून मांसास कच्ची पपई लावण्याची रीत सर्वत्र आहे. पपई मूळची अमेरिकेची; पोर्तुगीजांच्या येण्यानंतर, सोळाव्या शतकांत ती इकडे आली. अननसाचेंहि तसेंच, मिरचीचेंहि तसेंच. तेव्हां ज्या पाकशास्त्राच्या पोथींत मांस मुरवण्यास पपई सांगितली आहे तो भाग, पोथीच्या आरंभीं कोणत्याहि राजाचें नांव असलें तरी, त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं; आणि जींत दहीं, कांजी, डाळिंब, आलें, मिरीं, हिंग एवढेंच आहे तिचा तो भाग जुना असण्याचा संभव आहे. मांडूच्या सुलतानांच्या ‘निअमतनामा’ ह्या सचित्र फारशी पोथींत, जी हल्लीं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे, मिरचीचा मागमूस नाहीं, व तिचा काळ १५०० च्या सुमाराचा ठरला आहे तो ह्याशीं जुळतो. क्षेमशर्म्याचें ‘क्षेमकुतूहल’ सोळाव्या शतकाच्या मध्यांतलें. रघुनाथ गणेश नवहस्त यांचें ‘भोजनकुतूहल’ सतराव्यांतलें, त्याच्या काळाविषयीं परशुराम कृष्ण गोडे यांनीं लिहिलें आहे. ह्या दोहोंच्या ज्या प्रती खासगी संग्रहांत असतील त्यांतील मांसप्रकरणें ह्या एका कसोटीस लावून पाहावीं. छापील प्रतींत जो भाग एकजीव दिसतो तो पोथींत पुष्कळदां समासांतून आंत शिरलेला असतो.

‘अंसल’ बद्दलहि हीच विनंति. शतपथाच्या ह्या भागाची हस्तलिखित प्रत, मग ती माध्यंदिन शाखेची असो कीं काण्व, ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं हें स्थळ काढून समासांत किंवा ओळीवर कोणा वैदिकानें अर्थाची टीप लिहिली आहे काय तें पाहावें. टीप असल्यास शाईचा रंग, हस्ताक्षर मूळ लेखकाचें कीं दुसऱ्याचें, आणि प्रतीच्या शेवटींचा शक ह्यांसह ती जशीच्या तशी, शुद्धलेखन न सुधारतां, उतरून पाठवावी.